बोगद्यातली बेल

दसरा उरकला की आमचं पाथर्डी रिकामं व्हायला लागतं. गल्लीच्या टोकाला ट्रक येऊन उभा राहतो. त्यात पत्र्याच्या पेट्या चढतात, ज्वारी-बाजरीची पोती चढतात, कोंबड्यांची डालगी, पाण्याचे ड्रम आणि सगळ्यांत शेवटी माणसं. उंचावर बसलेल्या बाया पदर डोक्यावरून घट्ट ओढून घेतात, एखादं लेकरू कडेला लोंबकळत हात हलवतं, आणि ऊसतोडीची ती सगळी वसाहत धुरळ्यात दिसेनाशी होते. मग उरतात कुलपं आणि ओट्यावर बसलेली म्हातारी माणसं.

नेमक्या याच दिवसांत उन्हाचा रंग बदलतो. पांढरं, टोचणारं ऊन जाऊन एक कलतं, पिवळं ऊन येतं. चार वाजले नाहीत तोच लिंबाची सावली अंगण ओलांडून शेजारच्या भिंतीवर चढते. सकाळी सडा टाकताना बोटं गारठतात. रानात ज्वारी गुडघ्याला लागलेली असते. हवा कोरडी, आभाळ निवळलेलं. सगळे म्हणतात, वर्षातला हा सगळ्यांत सुखाचा काळ. मीही शाळेत शिकवायचे तेव्हा मुलांकडून यावर निबंध लिहून घेत असे.

आता मात्र हे पिवळं ऊन भिंतीवर दिसलं की हातातलं काम तसंच टाकून मी आधी घरात जाऊन बघते, हे कुठे आहेत.

'हे' म्हणजे माझे यजमान, भाऊसाहेब. आमच्या पिढीतल्या बायकांसारखी मीही त्यांना नावाने हाक मारत नाही, म्हणून इथेही 'हे' असंच लिहिते. उभा जन्म एसटीची बस चालवण्यात गेला. पाथर्डी आगारातून सुटणारी एकही वाट अशी नसेल, जिच्यावर यांची बस धावली नाही. निवृत्त झाल्यावरही रस्त्याने बस गेली की आवाजावरून सांगायचे, "गिअर उशिरा टाकला गड्यानं." आमची एकुलती एक मुलगी प्राजक्ता नॉर्वेत, ओस्लो शहरात राहते. समुद्राचं पाणी तपासण्याचं काम करते. तिथल्या तिच्या तिसऱ्या हिवाळ्याच्या तोंडाशी आम्ही दोघं तिच्याकडे गेलो. ऑक्टोबर निम्मा सरला होता.

मी मुळातच भित्री. विमान वर चढलं तेव्हा मी यांचा हात धरला तो ते सरळ होईपर्यंत सोडला नाही. तिकडे उतरल्यावर भाषेची भीती, सरकत्या जिन्याची भीती, न बोलणाऱ्या माणसांची भीती. आणि एवढं स्वच्छ, एवढं शांत शहर की आपल्या पायांचा आवाज आपल्यालाच मोठा वाटावा. यांना मात्र भीती कशी ती ठाऊकच नव्हती. दुसऱ्याच दिवशी चहा पिता पिता हे लेकीला म्हणाले, "प्राजू, ट्रामनं आन पायी काय शहर बघायचं असतं का? गाडी घे भाड्यानं. मी चालवतो."

"बाबा, इथे सगळं उजव्या बाजूनं असतं. स्टिअरिंग डावीकडे."

"मंग काय झालं? रस्ता तर जमिनीवरच हाय ना?"

इकडून निघताना यांनी हौसेने दोघांचेही आंतरराष्ट्रीय परवाने काढून घेतले होते. मला यांनीच गाडी शिकवलेली, बाजारतळाच्या मोकळ्या मैदानावर. पाथर्डीत मी बाजारात, शाळेत, फार तर नगरपर्यंत आमची छोटी गाडी न्यायची. प्राजक्ताला मात्र गाडी येत नाही. तिथे तिला कधी गरज पडली नाही. तेव्हा गाडी घ्यायची तर चालवणार हे, रस्ता सांगणार प्राजक्ता, आणि मी आपली शेजारी बसून देवाचं नाव घेणार, अशी वाटणी झाली. कागदावर दुसरी चालक म्हणून माझं नाव घातलं ते केवळ यांच्या आग्रहाखातर.

गाडी करड्या रंगाची होती आणि विजेवर चालणारी. तिथे बहुतेक गाड्या तशाच. दुकानातल्या तरुणाने चावी दिली, सगळं समजावलं, प्राजक्ताने ते मराठीत सांगितलं. हे आत बसले, चाकावर हात ठेवला आणि वाट बघत राहिले.

"चालू कर म्हणावं त्याला."

"बाबा, चालूच आहे."

"आवाज?"

"हिला आवाज नसतो."

यांनी कान लावून ऐकलं. मग मान हलवली. "आवाज न्हाई म्हंजी तिचं पोट दुखतंय का डोकं, आपल्याला कळायचं कसं?"

आम्ही दोघी हसलो. पहिल्या दिवशी खूपच हसलो. गिअर टाकायला यांचा डावा हात सवयीने खाली जायचा, तिथे दाराची बटणं होती, आणि वळणावळणाला खिडकीची काच खाली येऊन थंडगार वारा तोंडावर आदळायचा. तेवढं सोडलं तर हे असे चालवत होते, जणू ओस्लोत जन्म गेला. चौकातल्या गोल फेऱ्याला थांबायचं कधी, ट्रामला वाट द्यायची कशी, दोनदा बघितलं की यांना समजायचं. रस्ता ओलांडायला कुणी नुसतं कडेला उभं राहिलं तरी तिथे गाड्या थांबतात. याचं यांना भारी कौतुक. "बघ सुमन, मानसाला किती किंमत हाय," म्हणत हे थांबायचे, आणि समोरची म्हातारी हात वर करून आभार मानायची तेव्हा यांचा चेहरा फुलायचा.

रस्त्याच्या दोन्ही अंगांना झाडं पिवळी झाली होती. आपल्याकडे पानं वाळतात, तिथे ती पेटतात. पांढऱ्या सालीची बारीक उंच झाडं, आणि त्यांच्यावर हळदीसारखा रंग. सूर्य दिवसभर क्षितिजाशीच रेंगाळत होता, माथ्यावर येतच नव्हता. भर दुपारी संध्याकाळचा उजेड. यांनी एकदा विचारलं, "हितं दुपार कवा व्हती?" प्राजक्ता म्हणाली, "बाबा, हीच दुपार." यांनी काचेतून वर बघितलं. मला आठवतं, तेव्हाही मला उगीच कसंसं झालं होतं.

दुसऱ्या दिवशी शहराच्या डोक्यावरच्या टेकडीवर गेलो. तिथे बर्फावरून उड्या मारण्यासाठी एक प्रचंड घसरगुंडी बांधलेली आहे. तिच्या पायथ्याशी उभं राहून वर बघितलं तरी मान दुखते. वरून सगळं शहर दिसलं, आणि शहरात खोलवर शिरलेला समुद्र, आणि त्यात विखुरलेली काळी बेटं. वारा कानात शिट्ट्या घालत होता. हे कठड्याला रेलून खूप वेळ खाली बघत राहिले.

खाली आलो आणि गाड्या उभ्या करायच्या जागेत हे आमच्या पुढे झपझप चालत गेले. एका निळ्या गाडीपाशी थांबले आणि दार ओढायला लागले. आत एक बाई तिच्या लहानग्या मुलीला घेऊन बसली होती. ती घाबरून काहीतरी ओरडली. हे दार ओढतच राहिले. "माझी गाडी हाय ही. उतरा," असं मराठीत सांगत राहिले. प्राजक्ता धावली, त्या बाईची माफी मागितली, यांना आमच्या करड्या गाडीपाशी आणलं.

"बाबा, इथे सगळ्या गाड्या सारख्याच दिसतात. माझंही होतं कधी कधी," ती म्हणाली.

मीही तेच म्हणाले. हे मात्र हसले नाहीत. बसल्यावर चाकावरून हात फिरवत राहिले, जनावराच्या पाठीवरून फिरवावा तसा. मला निळा आणि करडा यांतला फरक आठवत राहिला.

तिथून आम्ही पुतळ्यांच्या बागेत गेलो. तिथे दगडाची आणि धातूची शेकडो माणसं आहेत, सगळी उघडी, आणि सगळी आपली नेहमीची कामं करणारी. कुणी मुलाला खांद्यावर घेतलंय, कुणी भांडतंय, दोन म्हाताऱ्या पाठीला पाठ लावून बसल्यात. मधोमध एक खांब, आणि त्यावर माणसांवर माणसं रचलेली, एकमेकांना धरून वर चढणारी. पावसाची बारीक भुरभुर सुरू झाली होती. दगडांवरून पाणी ओघळत होतं. मला ती बाग आवडली नाही, खरं सांगायचं तर तिची भीती वाटली. हे एका पुतळ्यापुढे उभे राहिले. एक म्हातारा बाप्या, आणि त्याच्या मांडीवर डोकं ठेवलेला दुसरा कुणीतरी, अगदी गळून गेलेला.

"ह्याला दवाखान्यात न्यायला पाहिजे," हे म्हणाले.

गंमत करतायत असं समजून मी "चला आता" म्हणाले.

परतताना प्राजक्ताने फोनवर रस्ता लावला. तो रस्ता एका बोगद्यातून जात होता. शहराच्या पोटातून, बंदराच्या पाण्याखालून जाणारा लांबच लांब बोगदा. उतार सुरू झाला, बाहेरचा उजेड मागे राहिला आणि पिवळ्या दिव्यांची रांग डोक्यावरून धावायला लागली. आत आणखी रस्ते फुटत होते, बोगद्याला बोगदे. मी डोळे मिटून घेतले. वर समुद्र आहे हा विचार मनातून जाईना.

गाडी जरा रेषेकडे सरकली असावी. अशा वेळी ती गाडी सावध करायची, लहानसा आवाज करून. टिंग.

आणि यांनी ब्रेक दाबला.

मी पुढे आदळले, पट्ट्याने धरलं म्हणून वाचले. मागून करकचून ब्रेक लागल्याचा आवाज आला, मग हॉर्न, लांबलचक. बोगद्यात हॉर्न भिंतींवर आपटून सगळीकडून येतो. मागच्या ट्रकच्या दिव्यांनी आमची गाडी आतून पांढरी झाली.

"बाबा! काय झालं?"

"बेल मारली ना कंडक्टरनं," हे म्हणाले. "उतरू दे की त्यांला."

मी यांच्याकडे बघितलं. ते घाबरलेले असते तर मला बरं वाटलं असतं. पण चेहरा अगदी शांत होता. रोजचा. कुठल्याशा फाट्यावर बस थांबवून हे आरशात बघत होते, कोण उतरतंय ते.

"बाबा, चला! चालवा गाडी! बाबा!" प्राजक्ताचा आवाज चिरकला.

यांनी आरशातून तिच्याकडे बघितलं. समजुतीच्या आवाजात म्हणाले, "ताई, घाई करू नका. म्हातारं मानूस उतरतंय."

पोटच्या मुलीला ताई म्हणणारा हा माणूस माझ्या शेजारी बसला होता आणि गाडी त्याच्या हातात होती. आमच्या डाव्या अंगाने गाड्या सुसाट जात होत्या. एकेक गाडी गेली की आमची गाडी थरथरायची. वरच्या पाटीवर आमच्या रांगेवर, ती बंद केल्याची लाल फुली पेटली. मी काय करणार होते? उतरून पलीकडे जायचं तर त्या धावत्या गाड्यांतूनच जावं लागणार. हात लांब करून चाक धरायचं तर पाय कुणाचे? माझ्या डोक्यात काही येईना.

तेवढ्यात यांचा हात दाराकडे गेला. "बघतो उतरून, काय वझं अडकलंय का," म्हणाले आणि दाराची कडी चाचपायला लागले. ते दार उघडलं असतं तर ते थेट त्या धावत्या रस्त्यात उतरले असते.

माझ्या मांडीवर लाडवांचा स्टीलचा डबा होता. यांना साखरेचा त्रास आहे, ती एकदम उतरली तर लागेल म्हणून बाहेर पडताना मी जवळ काहीतरी गोड ठेवते. मी हातातली अंगठी त्या डब्यावर आपटली. दोनदा, लागोपाठ. आणि ओरडले, "डबल बेल! जाऊ द्या!"

त्या क्षणी मला कळत होतं की मी काय करतेय. ज्याला आपण कुठे आहोत हे ठाऊक नाही, अशा माणसाला मी गाडी चालवायला सांगत होते. पाठीमागे माझी मुलगी बसली होती. पण दाराकडे गेलेला तो हात मागे आला. यांनी आरशात बघितलं, दिवा लावला आणि गाडी अशी अलगद उचलली की डब्यावरचं झाकणसुद्धा हललं नाही. हात स्थिर, नजर समोर. इतकं सुरेख त्यांनी त्या दोन दिवसांत एकदाही चालवलं नव्हतं. आणि मला इतकी भीती आयुष्यात कधी वाटली नव्हती.

"आई, पुढे उजवीकडे जागा आहे. बंद पडलेल्या गाड्यांसाठी. तिथे घे म्हण," प्राजक्ता मागून कुजबुजली. ती मोठ्याने बोलायलाही घाबरत होती.

भिंतीत आत घेतलेला एक कोनाडा दिसला, तिथे फोनची पेटी होती. मी डब्यावर एकदाच वाजवलं. यांनी गाडी आत घेतली, थांबवली, आणि चाकावर हात ठेवून बसून राहिले. माणसं उतरायची वाट बघत.

मी उतरून पलीकडे धावले. यांना माझ्या जागेवर बसवलं. लाडू फोडून तोंडात घातला. साखर कमी झाली असेल, नक्की तेच असेल, असं मी स्वतःला बजावत होते. बहिणीचं असं झालेलं मी पाहिलं होतं. दोन घास गोड गेलं की माणूस भानावर येतो. हे लाडू चावत राहिले. "गूळ चांगला हाय," म्हणाले. मी वाट बघितली. मग यांनी विचारलं, "तुमी शेवगावच्या का?"

त्या क्षणाची भीती मी कशी सांगू? साखरच असती तर किती बरं झालं असतं.

पिवळा दिवा फिरवत एक गाडी आमच्या मागे येऊन थांबली. नारिंगी कपड्यातली एक धिप्पाड बाई उतरली. बोगद्यात कुणी थांबलं की तिथे कॅमेऱ्यात दिसतं म्हणे. प्राजक्ता तिच्याशी त्यांच्या भाषेत बोलली. बोलता बोलता रडायला लागली. त्या बाईने तिच्या खांद्यावर हात ठेवला, वाकून यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"आई, त्या विचारतायत, तुला चालवता येईल का? त्या पुढे राहतील. नाहीतर दवाखान्याची गाडी बोलवू म्हणतात."

दवाखान्याची गाडी आली असती तर यांना अनोळखी माणसांनी उचलून नेलं असतं. मी म्हणाले, "चालवते."

मी उजव्या बाजूने कधी चालवलं नव्हतं. आवाज नसलेली गाडी चालवली नव्हती. बोगद्यात तर नाहीच. पुढे तो फिरता पिवळा दिवा, त्याच्यावर डोळे लावून मी गाडी हलवली. किती वेळ तो बोगदा संपतच नव्हता. मग चढ आला, राखाडी उजेडाचा एक ठिपका दिसला, तो मोठा झाला आणि काचेवर पाऊस पडला.

"सुमन," शेजारून आवाज आला. "तू कवा बसलीस चाकावर?"

मी मान वळवली नाही. "तुम्हाला जरा डुलकी लागली होती."

"डायव्हरला डुलकी लागत न्हाई," हे म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे स्वयंपाकघरात खिडकीशी बसले होते. बाहेर पानं पडत होती, एकसारखी. माझी चाहूल लागताच यांनी गाडीची चावी टेबलावरून माझ्याकडे सरकवली.

"प्राजूनं सांगितलं मला सगळं. मीच इचारलं तिला."

मी समोरची खुर्ची ओढून बसले.

"रस्ता दिसत हुता सुमन. हात बी बराबर चालत हुतं. फकस्त कुठं चाललोय ते कळंना. आन मला ते कळत न्हाई, हे बी कळंना." हे खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तुमी दोघी हुता गाडीत. मी वळखलं न्हाई तुमाला. डुटीवर असताना झालं असतं तर गं? मागं पन्नास मानसं बसलेली असायची."

उभ्या आयुष्यात मी पहिल्यांदाच यांच्या डोळ्यांत भीती बघितली. ती आता घडलेल्या गोष्टीची नव्हती. पूर्वी घडू शकलं असतं आणि घडलं नाही, अशा सगळ्या फेऱ्यांची होती. सगळे घाट, सगळ्या अंधाऱ्या वाटा, मागे झोपी गेलेली ती सगळी अनोळखी माणसं, यांच्या भरवशावर.

प्राजक्ता त्याच दिवशी गाडी परत न्या म्हणून दुकानाला फोन लावायला निघाली. यांनी अडवलं. "न्हाई. अजून बघायचं हाय की. सुमन चालवंल."

आणि मी चालवली. लोकांना सांगितलं तर खरं वाटत नाही. पुढचे दिवस ओस्लो शहरात ती गाडी मी चालवली, रोज घाबरत, रोज घामाने भिजत. शेजारी बसून हे सांगायचे, "लांब ठेव. पुढल्याच्या बुडाला चिकटू नगंस. आता घे. शाब्बास." बोलताना अगदी पूर्वीचे. मग मध्येच गप्प व्हायचे, आणि ती शांतता लांबली की माझा जीव टांगणीला लागायचा. मी काहीतरी विचारायचे, सोपं, उत्तर यावं म्हणून. लेकीचं नाव, शाळेचं नाव, आज वार कुठला. यांना ते कळायचं. "परीक्षा घेती व्हय?" म्हणायचे, आणि तरी उत्तर द्यायचे.

बंदराकाठी पांढऱ्या दगडाचं एक नाट्यगृह आहे. त्याचं छत उतरत उतरत थेट पाण्यात गेलंय, आणि लोक त्या छतावरून चालतात. आम्हीही गेलो. दगड ओला होता. कठडा नाही, काही नाही. उतार कुठे संपतो आणि पाणी कुठे सुरू होतं ते कळत नव्हतं. मी यांचं मनगट धरून ठेवलं होतं. प्राजक्ता पलीकडून दुसरा हात धरून चालत होती. तिथे कलत्या उजेडात उभी राहून ती म्हणाली, "बाबा, मी परत येते. कायमची."

"कशाला?" हे म्हणाले. "मी तुला वळखीन तवर फोन कर. मंग बी कर. तुला तर मी वळखू येईन ना?"

तिने तोंड फिरवलं. समुद्र शिशासारखा पडला होता.

परत आल्यावर नगरला मोठ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी मेंदूचे फोटो काढले, यांना कागदावर घड्याळाचं चित्र काढायला लावलं. यांनी गोल छान काढला, आकडे सगळे एका बाजूला गोळा केले. डॉक्टर भले होते. काय आजार आहे ते सांगितलं, बरा होत नाही हेही सांगितलं. गोळ्या दिल्या. एकटं सोडू नका म्हणाले.

भीती अशी रोजची झाली की तिचा आवाज येत नाही. सकाळी उठल्यावर पहिली नजर शेजारच्या उशीकडे जाते. दाराला आता आतून वरची कडी आहे. हे कधी कधी आगाराच्या दिशेने निघतात. ओळखीचा कुणीतरी हाताला धरून परत आणतो, चहा पिऊन जातो. बरे दिवस असतात, त्या दिवशी हे ज्वारीच्या भावावर तावातावाने बोलतात आणि मला वाटतं, डॉक्टर चुकले. पण बऱ्या दिवसाची भीती जास्त वाटते. त्यात माणूस बेसावध होतो. लोक म्हणतात, सवय होते. मला झालेली नाही. आणि होऊही नये असं वाटतं, कारण मी घाबरायची थांबले तर त्याचा अर्थ मी यांची वाट बघायची थांबले, असा होईल.

परवा तपासणीसाठी यांना घेऊन नगरला निघाले. सकाळची वेळ, हवेत गारठा. करंजीचा घाट लागला तेव्हा धुकं अजून दरीतून वर येत होतं. ऊसतोडीच्या ट्रकांची रांग संथ उतरत होती. हे शेजारी बसले होते, मफलर गुंडाळून, हात मांडीवर. मधल्या वळणावर माझ्याकडे बघून म्हणाले, "बाई, तुमी कुठल्या?"

त्या बोगद्यानंतर हा प्रश्न इतक्या सरळ माझ्या अंगावर कधीच आला नव्हता. घाटात गाडी थांबवता येत नाही. मी रस्त्यावरून नजर काढली नाही.

"कोल्हारची," मी म्हणाले. तेच माझं माहेर.

"कोल्हारची?" यांचा आवाज एकदम मोकळा झाला. "प्रवरेकाठच्या? आमची मंडळी बी कोल्हारचीच हाय. मास्तरीण हाय."

"हो का?"

"लई भित्री हाय. पन गाडी झाक चालवती." मग हे अस्वस्थ झाले. मान वळवून मागच्या काचेतून बघायला लागले. वळणामागे धुकं होतं, रस्ता दिसत नव्हता. "मागून येती हाय ती. एकलीच हाय. बाई, जरा दमानं घ्या. तिला गाठू द्या आपल्याला."

मी गाडी डाव्या अंगाला घेतली आणि हळू केली.